चाखायचं नाही

"चाखायचं नाही," आई म्हणाली. सेकूच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, तेव्हा तिने आपली मिरजेची हिंदी काढली. "देखो बेटा, चखनेका नहीं. बिलकुल नहीं. वास लेनेका."

सेकूने रुबेलकडे पाहिलं. रुबेल बांगलादेशचा. सिनेमे बघून हिंदी शिकलेला आणि त्या स्वयंपाकघरात स्वतःची दुभाष्या म्हणून स्वतःच नेमणूक केलेला. त्याने फ्रेंचमध्ये सांगितलं, "नानी म्हणतेय, पातेल्यात नाक घाल."

"नाक घाल नाही म्हणाली ती," मी टेबलाशी वह्या तपासत बसले होते तिथून म्हटलं. "वास घे म्हणाली."

"एकच की, मादाम."

आईने झाकण काढलं. आमटीची वाफ भसकन सेकूच्या तोंडावर आली. त्याने डोळे मिटले आणि श्वास ओढला.

"क्या समझा?"

"गरम आहे," सेकू म्हणाला.

रुबेलने भाषांतर केलं तशी आई खळखळून हसली. "अरे, गरम तर आंधळ्यालाही कळेल! हे बघ. मीठ नसलं ना, की वास नुसता वर येतो आणि उडून जातो. मीठ पडलं की तो बसतो. जड होतो. आत्ता उडतोय. आता बघ हं." तिने तळहाताच्या खळग्यात मीठ घेतलं, पातेल्यात सोडलं, ढवळलं आणि उकळी येईपर्यंत थांबली. क्षणभर विचार करून आणखी एक खळगा सोडला. "आता?"

सेकू वाकला. बराच वेळ तसाच राहिला. मग म्हणाला, "बसला."

हा शब्द त्याला मराठीतच येत होता. आईने पदराचं टोक कमरेला खोचलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की बघ, माझा विद्यार्थी.

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान बंदराच्या गावात, पूर्वी नन्सची शाळा होती त्या इमारतीत हे वसतिगृह होतं. घरदार मागे टाकून एकटीच या देशात आलेली मुलं तिथे राहायची. गिनीची, मालीची, अफगाणिस्तानची. मी त्यांना फ्रेंच शिकवायचे. बाबा गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी हिवाळ्यापुरती आई माझ्याकडे आली होती. माझ्या दोन खोल्यांच्या घरात तिला दिवस खायला उठला. एकदा म्हणून माझ्याबरोबर वसतिगृहात आली आणि परत घरी बसायला तयार होईना. दुपारनंतर तिथलं स्वयंपाकघर रिकामं असायचं. तिथल्या आचाऱ्याने चुलीचा एक कोपरा तिला देऊन टाकला. रुबेल तिला नानी म्हणाला, म्हणून सगळेच नानी म्हणू लागले.

सेकू गिनीचा. जानेवारीत त्याला अठरा पूर्ण होणार होती. तोवर कुठे शिकाऊ म्हणून काम मिळालं नाही तर त्याला वसतिगृह सोडावं लागणार होतं, आणि कदाचित देशही. खूप खेटे घातल्यावर धक्क्याजवळच्या एका रेस्टॉरंटची मालकीण, मादाम ल गॉफ, त्याला एक संधी द्यायला कबूल झाली होती. मंगळवारी सकाळी यायचं, बारा वाजेपर्यंत बटाटे घातलेलं माशांचं सूप करून दाखवायचं. पसंत पडलं तर दोन वर्षं तिच्याकडे शिकाऊ.

सूप त्याला चांगलं यायचं. अडचण एकच होती. त्या वर्षी रमजान डिसेंबरात आला होता, सेकू रोजे धरत होता, आणि मादाम ल गॉफच्या स्वयंपाकघरातला पहिला नियम होता की जो चाखत नाही तो आचारी नाही. तारीख पुढे ढकलाल का, म्हणून मी विचारून पाहिलं होतं. मासे थांबत नाहीत, म्हणाली.

"जिभेच्या टोकाला लावायचं आणि थुंकून टाकायचं," रुबेलनेही सेकूला सांगून पाहिलं होतं. "चालतं. आमच्याकडे मोठ्या इमामांनी सांगितलंय."

"चालतं," सेकू म्हणाला. "माझी आई नव्हती तसं करत."

 सेकूची आई त्याने चार वर्षांत पाहिली नव्हती.

मी ही सगळी अडचण घरी येऊन आईला सांगितली, तर तिला त्यात अडचण काय हेच कळेना.

"मग? मी कुठे चाखते?"

खरंच होतं. आमच्या घरी स्वयंपाक आधी देवाचा. नैवेद्य दाखवायच्या आत जिभेला लावलं की ते उष्टं. लग्न होऊन आली तेव्हापासून आईने चुलीपाशी उभं राहून कधी कशाची चव घेतली नव्हती. देवाचं झालं की पहिलं ताट बाबांचं. ते पहिला घास घ्यायचे आणि बोलायचे. "मीठ कमी आहे." "चिंच जास्त पडलीय आज." "बरोबर." जेवताना एरवी ते फारसं बोलतच नसत. आई हातात पळी घेऊन उभी असायची आणि त्यांचा घास गिळून होईपर्यंत हलायची नाही. लहानपणी मला त्या माणसाचा राग यायचा. एवढं करून वाढते ती, आणि हे मीठ कमी म्हणतात. आपण मोठेपणी कोणाच्या स्वयंपाकाला असं बोलायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्या गुरुवारी सूर्य मावळल्याचं रुबेलने खिडकीतून जाहीर केलं. आईने आमटीची वाटी पुढ्यात घेतली, भोवती पाणी फिरवलं, हात जोडले. मुलांनी खजूर तोंडात टाकले. त्यांचा सूर्य आणि आईचा नैवेद्य, दोन्ही झाल्याशिवाय त्या टेबलावर कोणी भाताला हात लावत नसे आणि याची सगळ्यांना गंमत वाटायची.

मग आमटी वाढली गेली.

पहिल्या घोटानंतर अफगाणी नजीबने पाण्याचा जग ओढला. त्याच्या हातून तो शेजारच्याने घेतला, त्याच्याकडून त्याच्या शेजारच्याने. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. सेकू मान खाली घालून शेवटच्या थेंबापर्यंत जेवला.

"फर्स्ट क्लास, नानी!" रुबेल म्हणाला आणि दुसरा पेला पाणी प्यायला.

आईची जीभ त्या वर्षी मंद झाली होती. नवीन गोळ्यांमुळे असेल, वयामुळे असेल. तिला सगळंच अळणी लागायचं, आणि हात हळूहळू वाढत गेला होता. मला ती आली त्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

"जरा अळणीच वाटतेय, नाही का गं वैजू?" तिने स्वतःच्या वाटीत चिमूटभर मीठ टाकलं. "कशी झालीय?"

"छान झालीय, आई."

वसतिगृहातून घरी चालत यायला समुद्राच्या कडेचा रस्ता होता. आईने नऊवारी कधीच सोडली होती, पण पाचवारीवर माझा लांब कोट, पायात लोकरीचे मोजे आणि बूट, डोक्याला मफलर, असा तिचा अवतार बघून बंदरावरचे म्हातारे टोपीला हात लावायचे. तीही त्यांना मान हलवून "बोंजूर" म्हणायची. त्या दिवशी वारा होता. तिने माझा दंड धरला होता.

"मंगळवारी मीही जाणार त्याच्याबरोबर," ती म्हणाली.

"आई, तिथे मासे असतात. तुला सोसणार आहे का तो वास?"

"मासे असोत नाहीतर काही असो. मीठ ते मीठ. मला त्या बाईच्या खिडकीखाली खुर्ची टाकून दे. मला बाहेर बसूनही कळेल."

"थंडीत?"

"मिरजेत तुझ्या शाळेच्या फाटकाशी उन्हात बसायचे की नाही परीक्षेच्या वेळी? तसंच." चार पावलं गेल्यावर ती म्हणाली, "त्याची आईसुद्धा न चाखता करायची म्हणे. रुबेल सांगत होता. एवढं मोठं घर, सगळा रमजान. बघ म्हणजे. कुठली कोण बाई." आणि मग, तशाच आवाजात, "आज खरंच चांगली झाली होती का आमटी?"

"हो गं. छान झाली होती."

"तुझे बाबा असते तर काहीतरी बोलले असते."

"काय बोलले असते?"

"काय माहीत," आई म्हणाली. "पण बोलले असते."

मला वाटलं तिला त्यांची आठवण येतेय. मी तिचा हात कोटाच्या खिशात घेतला आणि आम्ही घरी आलो. भाकरी करू का, असं तिने विचारलं. मी नको म्हटलं. मग ती लसूण सोलत बसली आणि मी वह्या पुऱ्या केल्या. अगदी साधी संध्याकाळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून ती देवासमोर बसली. देव म्हणजे माझ्या पुस्तकांच्या फळीवर तिने ठेवलेला पितळी गणपती. मी चहाला हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. ती बसल्याजागी भिंतीला टेकून गेली होती. निरांजन जळत होतं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. गावापासून दूर विद्युतदाहिनी, काचेपलीकडे पांढऱ्या फुलांची परडी, आणि माझ्या मागे उसन्या काळ्या कोटांतली बारा-पंधरा मुलं. रुबेल मोठ्याने रडत होता. सेकू रडत नव्हता. सुतकात घरी चूल पेटवायची नसते हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तरी रोज कोणीतरी झाकलेलं भांडं दाराशी ठेवून जात होतं. गिनीतही तसंच करतात, हे मला पुढे कळलं. त्या भांड्यांतलं मी चमचाभर खायचे आणि ठेवून द्यायचे.

सोमवारी संध्याकाळी सेकू आला. दारातच उभा राहिला.

"मादाम, मी उद्या जात नाही."

"जायचंय."

"नानी खिडकीखाली बसणार होती."

"मी येते."

"तुम्हाला वास कळतो?"

"नाही," मी म्हटलं.

तो जरासा हसला. ती गेल्यानंतर माझ्यासमोर हसलेला तो पहिला माणूस. मला बरं वाटलं. "मग कशाला येता?"

"कोणीतरी मोठं माणूस बरोबर लागतं. नियम आहे."

"आणि मीठ?"

"तू शिकलास ना तिच्याकडून."

हे म्हणताना मला आमटी आठवली नव्हती. आईचा हात आठवला होता, त्या खळग्यातलं मीठ, वाकलेला सेकू. आमटी आठवली ती तो जिना उतरून गेल्यावर. मी जिन्यापर्यंत गेले. हाक मारून त्याला काय सांगणार होते? तिच्या हाताला मिठाचा अंदाज राहिला नव्हता, तिने शिकवलेलं विसर? मी परत आत आले. उद्या वाटेत सांगू म्हटलं. सकाळी वाटेत तो तोंडातल्या तोंडात काही म्हणत चालला होता, प्रार्थना असावी. तेव्हाही माझ्याने बोलवलं नाही.

मादाम ल गॉफ रुंद खांद्यांची, चष्मा कपाळावर चढवलेली बाई होती. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुमच्या आईबद्दल कळलं. वाईट झालं." मग सेकूकडे वळली. "तुझा उपास सुटलेला नाही?"

"नाही, मादाम."

"चाखणार नाहीस."

"नाही, मादाम."

"मग माझ्या सूपमधलं मीठ कोण बघणार? तुझा देव?"

बाजूच्या चुलीपाशी उभा आचारी फिसकन हसला. सेकूने माझ्याकडे हात केला. "या बघतील."

 असं काहीच आमचं ठरलेलं नव्हतं.

मादाम ल गॉफने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ठीक आहे. या घरातून न चाखलेलं सूप बाहेर जात नाही. जीभ कोणाची, याच्याशी मला काही कर्तव्य नाही. पण बारा वाजता मी चाखीन, आणि त्यानंतर मला कोणी काही समजावून सांगायचं नाही. आवडलं तर उद्या सात वाजता कामावर ये. नाही आवडलं तर तुला शुभेच्छा."

मला भिंतीकडेच्या स्टुलावर बसवलं. सेकूने कांदे चिरले, लोण्यात परतले, माशांची डोकी आणि काटे घालून पाणी उकळलं, ते गाळून त्यात माशांचे तुकडे सोडले. निम्मे बटाटे सूपमध्ये पडले होते, उरलेले वेगळ्या भांड्यात बिनमिठाचे शिजत होते. दूधही घालून झालं होतं, थोडं काढून ठेवलेलं होतं. तो हळू आणि स्वच्छ काम करत होता. मादाम दोनदा मागून येऊन बघून गेली आणि दोन्ही वेळा काही बोलली नाही. ते चांगलं लक्षण असावं असं मला वाटलं.

मग त्याने झाकण काढलं, डोळे मिटले आणि वाकला. आईसारखाच, एक हात कमरेवर ठेवून. आचारी आता हसत नव्हता. सेकूने तळहाताच्या खळग्यात मीठ घेतलं, सोडलं, ढवळलं, उकळीची वाट पाहिली. पुन्हा वाकला. आणखी एक खळगा. मग स्वतःशीच म्हणाला, "बसला."

चमचा भरून, खाली दुसरा हात धरून तो माझ्याकडे आला.

मी ते तोंडात घेतलं. मासे, लोणी, कांदा, आणि त्या सगळ्याच्या वर ते मीठ. तेच. तितकंच. आईच्याच हातचं मीठ होतं ते, दुसऱ्या कोणाचं असणं शक्य नव्हतं. ती गेल्यापासून मी काही धड खाल्लं नव्हतं, आणि आता तोंडात ती होती. मला ते गिळवेना. गिळलं तर संपणार होतं.

"छान," मी म्हणाले.

सेकूच्या खांद्यांतला ताण गेला. त्याने चमचा ठेवला, हात पुसले. बटाट्यांच्या भांड्याखालचा गॅस बंद केला आणि सूपचं पातेलं उचलायला फडकी घेतली, मादामच्या पुढ्यात नेऊन ठेवायला. बारा वाजायला अजून अवकाश होता. पातेलं उचलण्याआधी त्याने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. खात्री करून घ्यायला नव्हे. नुसताच थांबला, फडकी हातात धरून, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

पळी हातात घेऊन आई अशीच उभी असायची. बाबांचा घास गिळून होईपर्यंत. मी तिला घाबरलेली समजत होते. ती घाबरलेली नव्हती. ती तिच्या जिभेची वाट बघत होती. तिला स्वतःची कधी वापरता आली नव्हती. बाबा गेले तेव्हा तिची ती जीभही गेली, आणि ती समुद्र ओलांडून माझ्याकडे आली, आणि रोज संध्याकाळी मला विचारत राहिली.

"थांब," मी म्हणाले.

मी स्टुलावरून उठले होते. सेकूने फडकी खाली ठेवली. मादाम ल गॉफनेही वळून पाहिलं.

"खारट झालंय."

ते मराठीत बाहेर पडलं. सेकू माझ्याकडे बघत होता. त्याला शब्द कळला नव्हता, अर्थ कळला असावा; त्याचा हात आपोआप बिनमिठाच्या बटाट्यांच्या भांड्याकडे गेला होता. मला ते फ्रेंचमध्ये सांगायचं होतं, लगेच सांगायचं होतं, आणि मी सांगणारही होते. पण त्याआधी ते पुन्हा एकदा तोंडातून आलं, आधीपेक्षा मोठ्याने, त्या वाफेने भरलेल्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"खारट झालंय गं, आई. खूप खारट झालंय."